मॅटचा काठ

सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी आमचा योगवर्ग भरतो. जुलैतली गोष्ट. बाहेर पाऊस, दारात ओल्या चपलांचा ढीग, आत फरशीवर ओळीनं पसरलेल्या मॅट: जांभळ्या, मोरपंखी, करड्या, एक भडक गुलाबी. शवासन चाललं होतं. हॉल पुसायला येणाऱ्या मावशी त्या दिवशी लवकर आल्या. बादली आणि फडकं घेऊन आत शिरल्या आणि दारातच थबकल्या, कारण नळ पलीकडच्या टोकाला आणि मध्ये आम्ही सगळ्या आडव्या. दोन मॅटांच्या मधून वीतभर फरशी दिसत होती. एका हातानं साडी गोळा करून, पाऊल तिरपं टाकत, त्या तेवढ्याच पट्टीवरून निघाल्या. मी एक डोळा उघडून बघत होते (शवासनात मी नेहमीच बघते, मन शांत वगैरे नंतर). माझ्या शेजारच्या वहिनींनी आपल्या मॅटचा कोपरा हळूच आत दुमडून घेतला. डोळे मिटलेलेच होते त्यांचे.

कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही झालंही नव्हतं.

तरी ते दुमडणं डोक्यातून जाईना. वहिनी वाईट नाहीत हो. मावशींच्या मुलीची पुस्तकं दरवर्षी त्याच आणून देतात. आणि बादली माझ्या डोक्यापाशी आली तेव्हा मलाही पहिल्यांदा काय सुचलं, तर थेंब मॅटवर पडायला नको. मावशींचे पाय अनवाणी, सकाळपासून चार घरच्या फरश्यांवर पाण्यात भिजलेले, आमच्यापेक्षा चोख. ज्या फरशीवर आम्ही मॅट टाकल्या होत्या ती आदल्या दिवशी त्यांनीच पुसलेली. मग आम्ही नेमकं काय वाचवत होतो? दोन फूट रुंद आणि पावणेसहा फूट लांब असा एक रबरी चौकोन. त्याच्या आत आलं ते आपलं, बाहेर राहिलं ते बाहेरचं.

हे सगळं मनात घोळत असतानाच आईसाठी मॅट घ्यायची वेळ आली. गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिनं वर्गात यायचं ठरवलं आणि ठरवल्या ठरवल्या हुकूम सोडला, ‘मला ते तुमचं गुंडाळायचं घेऊन दे.’ एका संध्याकाळी आम्ही दोघी बाजारात गेलो. दुकानात क्रिकेटच्या बॅटी आणि कॅरमबोर्डांच्या मागे मॅटांच्या गुंडाळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. पाचशेपासून पाच हजारांपर्यंत. दुकानातल्या पोरानं आईकडे एकदा पाहिलं आणि थेट सगळ्यात जाडी काढली. ‘आजींना हीच घ्या. दहा एमएम. एकदम गादी.’ आईनं अंगठा दाबून पाहिला. अंगठा पेरभर आत गेला आणि खड्डा सावकाश वर आला. ती खूश झाली. मग तिथेच चपला काढून, कॅरमबोर्डाला एक हात लावून, तिनं त्या गादीवर एका पायावर उभं राहून पाहिलं. घोटा एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे. ‘अगं, ही हलते!’ मॅट हलत नव्हती. तळव्याला जमीन सापडत नव्हती, म्हणून घोटा ती शोधत होता.

जाड मॅटचं हे सगळ्यात मोठं दुखणं. गुडघ्याला आणि माकडहाडाला ती मऊ लागते, पण वृक्षासन किंवा वीरभद्रासन करायला उभं राहिलं की पाय रुतत राहतो. बाजारात ज्या स्वस्त आणि फुगीर मॅट दिसतात, त्या बहुतेक एनबीआर नावाच्या कृत्रिम रबराच्या. आडवं पडून करायच्या व्यायामाला चांगल्या. पण अधोमुख श्वानासनात हातपाय लांब रोवले की ताणल्या जातात, आणि नख लागलं की टवका उडतो. उभ्या आसनांना चार ते सहा एमएम पुरते. गुडघा टेकायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं खाली चादर दुमडून घ्यावी. हे मी त्या पोराला सांगितलं तर तो म्हणाला, ‘मॅडम, लोकांना जाडच लागते.’ खरंच होतं ते.

गंमत अशी, की हा जाडीचा वाद आजचा नाहीच. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन कसं असावं ते सांगितलंय: फार उंच नको, फार खाली नको, आणि वस्त्र, अजिन (म्हणजे कातडं), कुश (म्हणजे दर्भ) यांचं असावं. ज्ञानेश्वरमाऊली तर थरच लावून देतात. तळाला न मोडलेले कुशाचे अंकुर, मध्ये धुतलेल्या वस्त्राची घडी, वर मृगाजिन. आणि पुढे कारणही देतात: आसन उंच झालं तर अंग डोलेल, अगदी खाली झालं तर भूमिदोष लागेल. पहिलं कारण आई दुकानात घोटा हलवून सिद्ध करून आली होती. दुसऱ्यापाशी मात्र मी अडखळले. भूमिदोष म्हणजे ओल, गारठा, मुंग्या, किडे असं मी माझ्या सोयीनं समजत आले होते, आणि तेही त्यात असेलच. पण माझ्या आजीची सोवळ्याची धाबळी मी पाहिलेली आहे. लोकरीला विटाळ होत नाही म्हणत. दांडीवर उंच, काठीनं वाळत घातलेली, आम्हा पोरांना हात लावायची बंदी. तिचा तो काठ आणि वहिनींचा दुमडलेला कोपरा यांत फार अंतर आहे असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

आईचं आजोळ औंध संस्थानातलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी तिथे सूर्यनमस्कारांचं वेडच लावलं होतं. स्वतः रोज घालायचे आणि शाळाशाळांतून पोरांकडूनही घालून घ्यायचे. आईचे आजोबा त्याच शाळेतले. म्हातारपणीही पहाटे पडवीत त्यांचे नमस्कार चालत. खाली काय असायचं, मी आईला विचारलं. ‘काय असणार? जमीन.’ शेणानं सारवलेली. तिच्यावर तळहात घसरत नाही आणि घामाचा थेंब ती पिऊन टाकते. पाय दोन हातांच्या मध्ये आणताना बोटांच्या जागी खळगे पडलेले असायचे आणि दर आठवड्याला सारवलं की ते बुजायचे. पुढे घरात शहाबादी आली, तीही खरखरीत होती. आपल्या शहरातल्या घरांत मात्र आधी मोझॅक आलं आणि नंतर ही गुळगुळीत, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. हिच्यावर कोरड्या पायानं उभं राहिलं तरी त्रिकोणासनात पाय आपोआप लांब जायला लागतात. मॅट ही आपल्याकडे योगापेक्षा फरशीमुळे जास्त आली, असं माझं मत आहे.

चिकटून बसणाऱ्या मॅटची कथाही घसरण्यापासूनच सुरू होते. अँजेला फार्मर नावाच्या ब्रिटिश योगशिक्षिका होत्या. लहान वयात झालेल्या शस्त्रक्रियेमुळे त्यांच्या तळहातांना आणि तळपायांना घाम येत नसे, त्यामुळे पकड मिळत नसे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत शिकवत असताना त्यांच्या हाती गालिच्याखाली अंथरायचं अस्तर लागलं, गालिचा सरकू नये म्हणून लावतात ते. त्यांनी त्याचा तुकडा कापला आणि त्यावर उभ्या राहिल्या. पाय जागचा हलला नाही. मग विद्यार्थी मागू लागले, वडिलांनी कारखान्याशी बोलणं केलं, आणि गालिच्याच्या पोटातला तो माल योगाच्या दुकानात आला. फार्मर यांचे गुरू आपल्या पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार. 1975मध्ये त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली तेव्हा त्यांनी योगाला साधनं म्हणून काय दिलं, तर घड्या घातलेली ब्लँकेटं, पट्टे, लाकडी विटा, घडीच्या खुर्च्या, भिंतीतले दोर. सगळं घरातलंच. ब्लँकेटाची घडी कुठल्या बाजूनं खांद्याखाली घ्यायची याला महत्त्व, पण ब्लँकेट कुणाचं याला नाही. वर्ग संपला की रचून ठेवायचं, पुढचा येईल तो घेईल.

मुंबईच्या बाजूला अडचण नेमकी उलटी. इथे घाम इतका, की मॅट फरशीला चिकटते आणि आपण मॅटवरून घसरतो. त्यामुळे दुकानात कोरड्या हातानं पकड बघून उपयोग नाही. मी आईला तळहात ओला करून दाबायला लावला. पोराला ते आवडलं नाही. पीव्हीसीची मॅट स्वस्त, टिकाऊ, पण नवी असताना नव्या रेनकोटचा वास मारते आणि ओल्या हाताला दगा देते. नैसर्गिक रबराची पकड उत्तम, पण उचलायला दोन-अडीच किलो, उन्हात टाकली की भेगाळते, आणि कुणाला लॅटेक्सची अॅलर्जी असेल तर ती बादच. टीपीई, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची, हलकी, मध्यम, कुणाला फार आवडत नाही आणि कुणी फार नावंही ठेवत नाही. कॉर्क ओलं झाल्यावर जास्त पकड देतं, आमच्या हवेला ते खरं बरं, पण किंमत ऐकून आईनं ते परत गुंडाळून जागेवर ठेवलं. ‘पर्यावरणपूरक ज्यूट’ म्हणून एक होती. तिची कड निरखून पाहिली तर तागाचे धागे पीव्हीसीत रुतवलेले. वरून गोणपाट, आत रेनकोट. सुती सतरंजीची मॅटही मिळते. म्हैसूरला अष्टांग पद्धतीचा योग करणारे ती वापरतात. घाम पिते, घरी धुता येते, पण टाइलवर एकटी टाकली की चालू लागते.

आसामातल्या मॅटविषयी मागे वाचलं होतं तेही इथे आठवलं. गुवाहाटीजवळच्या दीपोर बील या तळ्यावर मासेमारी करणाऱ्या घरांतल्या सहा मुलींनी जलपर्णी वाळवून, विणून योगाची मॅट केली. 2021ची गोष्ट. कुजून मातीत जाते म्हणे. आपल्याकडे पुण्याच्या बाजूला इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा दर उन्हाळ्यात जलपर्णीनं हिरव्यागार होतात आणि पालिका ती काढायची टेंडरं काढते. असो.

घोंगडीचा विषय आईनंच काढला. ‘मग घोंगडीच का नको? ती पण मिळते की आता, योगासाठी म्हणून.’ मिळते खरी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, खड्डामागावर विणलेली, वर चिंचोक्याची खळ. आमच्या घरी एक काळी आहे, माळ्यावर. काढून फरशीवर अंथरली. वास तोच, लोकरीचा आणि पावसाचा. आई तिच्यावर मांडी घालून बसली आणि दोन मिनिटांत उठली. ‘टोचतं गं. लहानपणी कसं टोचत नव्हतं?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय ती टाइलवर सरकतेच.

सतरंजी म्हटलं की मला मात्र वेगळंच दिसतं. गणपतीतली, शाळेतली, लग्नाच्या हॉलमधली, लाल-निळ्या पट्ट्यांची. तिची घडी एकट्याला उलगडता येत नाही. दोन टोकं दोघांनी धरायची, वर उडवून फटकारायची, धूळ नाकात जायची आणि मग ती फुगून खाली बसायची. तिच्यावर माझी जागा, तुझी जागा असं नसायचं. सरकून घ्या म्हटलं की सरकायचं, शेवटी कुणाच्या तरी मांडीवर पोर बसायचंच. हे मी मोठ्या जिव्हाळ्यानं आईला सांगत होते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आमच्या आजोबांच्या ओट्यावर पण असायची. गडी काठाच्या बाहेर बसायचा. उकिडवा, खांबापाशी. जागा असली तरी.’

माझा जिव्हाळा तिथेच थांबला.

म्हणजे सतरंजी फार उदार आणि मॅट फार कोती, असलं काही नव्हतं. काठ तिलाही होता, फक्त लांब होता आणि आम्ही त्याच्या आत होतो म्हणून दिसला नाही. मॅटनं तो काठ प्रत्येकीच्या अंगाजवळ आणून ठेवला, इतकंच. त्याचे फायदेही आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. सासरी दोन खोल्यांत सहा माणसं असताना मी पहिल्यांदा मॅट पसरली, तेव्हा तेवढ्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारत नसे. मुलगासुद्धा कडेला उभा राहून ‘आई, झालं?’ विचारायचा. रिकाम्या फरशीवर करत होते तेव्हा तोच मुलगा पाठीवर घोडाघोडा करायचा. म्हणून कोपरा दुमडणाऱ्या बाईला मी पटकन काही बोलू शकत नाही. ज्या बाईच्या नावावर घरात कपाटाचा एक कप्पा आहे, ती त्या चौकोनाला जपणारच.

पण मावशींचं काय? परवा योगवर्गाच्या मॅडमनी मालासन घेतलं. पाय थोडे फाकवून, टाचा टेकवून, पूर्ण खाली बसायचं. अर्ध्या बायकांच्या टाचा वर. मॅडम म्हणाल्या, मॅट मागून गुंडाळा आणि टाचांखाली घ्या, म्हणजे जमेल. त्याप्रमाणे आम्ही सगळ्या आपापल्या मॅटच्या वळकटीवर टाचा ठेवून, हात जोडून, डुगडुगत बसलो. आणि हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये मावशी उकिडव्या बसून फडकं फिरवत होत्या. टाचा सपाट, गुडघे काखेत, पाठ मोकळी. त्या न उठता, तशाच बसल्या बसल्या, एक एक टाइल मागे सरकत होत्या. सोय बघून उठल्या तेव्हा मात्र भिंत धरली आणि तोंडानं ‘आई गं’ केलं. त्यांच्या गुडघ्यांनाही कुरकुर आहे. आमच्याकडे कुरकुरीवर मॅट आहे, त्यांच्याकडे भिंत. आसन सुंदर होतं म्हणून मी त्याचं कौतुक करणार होते, ते ‘आई गं’ ऐकून राहून गेलं.

शेवटी आईनं घेतली ती सहा एमएमची साधी करडी मॅट. रंग निवडताना पोरानं गुलाबी पुढे केली तर म्हणाली, ‘मळखाऊ दे.’ पन्नास रुपये कमी करून घेतले आणि खांद्याला अडकवायचा पट्टा फुकट मागितला. घरी आल्यावर पहिल्यांदा ती साबणाच्या पाण्यानं पुसली आणि बाल्कनीत दांडीवर टाकली, ऊन नसलेल्या बाजूला, हे मी बजावल्यामुळे. पावसाळ्यात मॅट ओली गुंडाळली की आतून कुबट वास येतो आणि मग बारीक काळे ठिपके धरतात, ते काही केल्या जात नाहीत. आमच्या बाल्कनीत आता दोरीवर साड्या, टॉवेल आणि दोन मॅट.

वर्गात ती रमली. उभी आसनं मॅटच्या बाहेर, फरशीवर पाय कोरडे करून आणि एक हात भिंतीला लावून करते. मॅट फक्त पाठीवर पडायचं असेल तेव्हा. प्राणायामाच्या वेळी मात्र तिनं एक वेगळाच घोळ घातलाय. एकदा वरच्या मजल्यावरच्या देशपांडेकाकू मॅट विसरल्या आणि कडेला खुर्ची शोधू लागल्या. आईनं आपली मॅट उचलली, फिरवून आडवी टाकली आणि एका टोकाला सरकून बसली. ‘या. बसायला कितीशी जागा लागते?’ मांडी घालून बसलेल्या माणसाला दोन फूट पुरतात, तेव्हा पावणेसहा फुटांत दोघी ऐसपैस मावल्या. दुसऱ्या दिवशी काकूंनी मॅट आणली, पण उघडली नाही. तिसरी एक कुठून तरी आली. आता रोज अनुलोम-विलोमच्या वेळी तिघी म्हाताऱ्या एका आडव्या मॅटवर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, आणि डाव्या नाकपुडीतून श्वास घेता घेता सुनांविषयी बोलतात. मॅडम दोनदा म्हणाल्या, ‘आजी, प्रत्येकीनं आपापल्या मॅटवर बसायचं असतं, ऊर्जा विभागली जाते.’ आईनं नाकावरचं बोट न काढता विचारलं, ‘आणि ती भाकरीसारखी अर्धी अर्धी झाली तर मग उरतेच ना तेवढीच?’